काचेच्या हौदातला मासा आणि तिकिटाचा हिशेब : 'सी-वर्ल्ड'सारखे पार्क कमावतात कसे, पुढे काय आणणार आणि आपण त्यातून काय शिकायचे?

तेरखेडा (ता. वाशी) : मोबाईलवर रील येते. निळ्याशार हौदातून काळा-पांढरा भलामोठा मासा उसळी मारतो, पुढच्या रांगेतली माणसं भिजतात, लेकरं टाळ्या पिटतात. घरातलं पोरगं लगेच विचारतं, "पप्पा, हे कुठंय? आपण कधी जायचं?" आपल्या भागातून समुद्र म्हणजे एका रात्रीचा प्रवास. त्यामुळे असल्या गोष्टींचं अप्रूप जास्तच. पण त्या उसळीमागे एक मोठा धंदा आहे. तो धंदा कसा चालतो, कुठे अडतो आणि महाराष्ट्रात तसा पार्क आणायचा बेत का रखडला, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यात एक प्रश्न जमिनीचा आहे, आणि जमिनीचा प्रश्न आपल्याला नवा नाही.

सुरुवात हॉटेलच्या कल्पनेतून

समुद्री जीवांच्या करमणूक पार्कमधलं जगातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेतलं 'सी-वर्ल्ड'. 1964 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात ते सुरू झालं. कॉलेजात शिकलेल्या चौघांची मूळ कल्पना पाण्याखालच्या हॉटेलची होती. ते जमलं नाही, म्हणून डॉल्फिन आणि सी-लायन दाखवणारा पार्क काढला. पहिल्याच वर्षी चार लाखांवर लोक आले. 1965 मध्ये 'शामू' नावाची ऑर्का तिथे आली. ऑर्का दिसते माशासारखी, पण तो डॉल्फिनच्या कुळातला सस्तन प्राणी आहे, पिलाला दूध पाजणारा. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हीच ऑर्का त्या कंपनीची ओळख राहिली. पुढे ओरलँडो आणि सॅन अँटोनियो या शहरांतही पार्क निघाले.

तेरखेड्याच्या भाषेत हिशेब

हा धंदा समजायला तेरखेड्याच्या माणसाला लांब जायची गरज नाही. फटाक्याचा कारखाना घ्या. माल तयार होतो महिनोन् महिने, मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, पण खरी विक्री होते दिवाळीच्या तोंडावर. त्या थोड्या दिवसांत पाऊस आला किंवा बंदी आली, तर वर्षाचं गणित कोलमडतं.

समुद्री पार्कचं तसंच आहे. कमाई होते सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी. खर्च मात्र 365 दिवस. फरक एवढाच की फटाका गोदामात ठेवता येतो, पेंग्विन ठेवता येत नाही. पाणी सतत गाळावं लागतं, त्यातला खारेपणा राखावा लागतो, थंड प्रदेशातल्या प्राण्यासाठी ते गारही ठेवावं लागतं. लाईट गेली म्हणून पंप बंद ठेवून चालत नाही, जनरेटर तयारच लागतो. एक मोठी ऑर्का दिवसाला साठ-सत्तर किलोपासून शंभर किलोपर्यंत मासळी खाते. वर जनावरांचे डॉक्टर, राखणारे, शिकवणारे, पोहणारे कामगार वेगळे. पार्कात एक माणूस आला काय आणि दहा हजार आले काय, हा खर्च कमी होत नाही.

पाण्याचा आकडा बघितला तर आपल्याला चक्कर येईल. अबुधाबीत 2023 मध्ये सुरू झालेल्या सी-वर्ल्डमध्ये एकाच मोठ्या हौदात अडीच कोटी लिटर पाणी आहे. दहा-बारा हजार लिटरचा टँकर धरला, तर दोन ते अडीच हजार टँकर झाले. तेही फक्त एका हौदात.

तिकीट एक, कमाई दोन ठिकाणी

मग पैसा येतो कुठून? इथे येरमाळ्याची यात्रा डोळ्यांसमोर आणा. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या दर्शनाला लाखो माणूस येतो. दर्शनाला पैसे लागत नाहीत. पण पाळणे, रसवंती, खेळणी, बांगड्या, पेढे, गाडी लावायची जागा, या सगळ्यांत हात सैल होतो. समुद्री पार्कने हीच यात्रा भिंतीच्या आत घेतली आहे, दाराला तिकीट लावलं आहे आणि आतली सगळी दुकानंही बहुतेक स्वतःच्या हातात ठेवली आहेत.

सी-वर्ल्ड चालवणाऱ्या कंपनीच्या सगळ्या पार्कांत मिळून 2023 मध्ये 2 कोटी 16 लाख लोक आले. कंपनीची वर्षाची उलाढाल सुमारे 172 कोटी डॉलर झाली. म्हणजे माणशी सुमारे 80 डॉलर. त्यातले 44-45 डॉलर तिकिटाचे आणि उरलेले 35 च्या आसपास डॉलर आत खाण्यापिण्याचे, खेळण्यांचे, पार्किंगचे. ढोबळ सांगायचं तर शंभर रुपयांतले 55 रुपये दारावर, 45 रुपये आत.

म्हणून हे पार्क तिकिटावर सूट द्यायला मागेपुढे बघत नाहीत. माणूस एकदा आत आला आणि दिवसभर राहिला की दुपारी भूक लागणारच, लेकरू खेळण्याला हट्ट करणारच. बाहेरचा डबा आत नेऊ न देण्यामागेही हेच कारण असतं.

दुसरी युक्ती वर्षाच्या पासची. वर्षभर कितीही वेळा या, असा पास आधीच विकायचा. ऊसतोडीला मुकादम टोळीला उचल देतो, इथे गिऱ्हाईकच पार्कला उचल देतं. पार्कला पैसे आगाऊ मिळतात, आणि पासवाला माणूस "पास आहे तर जाऊ" म्हणून येतो व प्रत्येक वेळी आत खर्च करतो.

दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी का?

तेरखेड्यात दरवर्षी फटाक्याचा नवा प्रकार बाजारात आणावा लागतो, कारण मागच्या वर्षीचं गिऱ्हाईक "यंदा नवीन काय?" असं विचारतं. पार्कच्या धंद्यात हा प्रश्न जीवघेणा आहे. एकदा बघितलेला हौद दुसऱ्यांदा बघायला माणूस सहाशे किलोमीटरवरून येत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण खोपोलीजवळच्या 'इमॅजिका' पार्कचं. समुद्री प्राण्यांचा पार्क नसला तरी धंद्याची चाल तीच. 2013 मध्ये पार्क उघडला, 2014 मध्ये वॉटर पार्क जोडला, 2016 मध्ये बर्फाचा पार्क आणला. सरकारने 2018 मध्ये अशा पार्कांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला. तरी उभारणीसाठी काढलेल्या कर्जाचं ओझं पार्कला पेललं नाही. अखेर 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने तो ताब्यात घेतला. शिर्डी आणि लोणावळ्याच्या वॉटर पार्कांमुळे त्यांना या धंद्याचा अनुभव होता. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पीक चांगलं असूनही व्याज पिकापेक्षा वेगाने वाढलं, की रान दुसऱ्याच्या नावावर जातं.

2013 सालची ठेच

सी-वर्ल्डला धक्का मात्र कर्जाने दिला नाही, ज्या प्राण्यावर सगळा धंदा उभा होता त्यानेच दिला. 2010 च्या फेब्रुवारीत ओरलँडोच्या पार्कमध्ये 'तिलिकम' नावाच्या ऑर्काने आपल्या प्रशिक्षिकेला पाण्यात ओढलं आणि तिचा जीव गेला. 2013 मध्ये या प्रकरणावर 'ब्लॅकफिश' नावाचा माहितीपट आला. समुद्रात मैलोन् मैल फिरणारा जीव हौदात कोंडल्यावर त्याचं काय होतं, हे लोकांनी घरबसल्या पाहिलं.

परिणाम आकड्यांत दिसला. 2012 मध्ये या कंपनीच्या पार्कांत 2 कोटी 44 लाख लोक आले होते. 2017 मध्ये ते 2 कोटी 8 लाखांवर आले. 2014 च्या ऑगस्टमध्ये कंपनीचा शेअर एका दिवसात जवळजवळ एक तृतीयांश पडला. शेवटी मार्च 2016 मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे ऑर्कांची पैदास करणार नाही. आहेत त्या ऑर्का त्यांच्या आयुष्यभर राहतील, नवीन येणार नाहीत.

भारताने तर आधीच दार लावलं. मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने सर्व राज्यांना कळवलं की डॉल्फिन कोंडून खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नये. म्हणजे रीलमध्ये दिसणारा डॉल्फिनचा खेळ आपल्या देशात नव्याने उभा राहू शकत नाही. उद्या कोणी "डॉल्फिन शो आणतो, पैसे गुंतवा" म्हणत गावात आला, तर हे लक्षात ठेवा.

आता पुढची आकर्षणं कोणती?

मुख्य खेळाडूच मैदानाबाहेर गेल्यावर कंपनीने चाल बदलली. नवी आकर्षणं साधारण चार प्रकारची आहेत.

पहिला प्रकार, राईड. जनावराऐवजी यंत्र. 2016 मध्ये ओरलँडोत 'माको' नावाचा उंच झुकझुक पाळणा आला, नाव शार्कचं. 2023 मध्ये 'पाईपलाईन' आला, त्यात माणूस लाटेवर उभा असल्यासारखा उभ्यानेच फिरतो. 2024 मध्ये 'पेंग्विन ट्रेक' आला, राईड संपते ती खऱ्या पेंग्विनच्या घराशी. यंत्राला रोज मासळी लागत नाही आणि त्याच्यासाठी मोर्चेही निघत नाहीत.

दुसरा, पडदा. 2025 मध्ये ओरलँडोत आलेल्या नव्या आकर्षणात माणसं मोठ्या पडद्यासमोर लटकत्या खुर्चीत बसतात आणि बर्फाळ प्रदेशावरून उडाल्याचा अनुभव घेतात. जनावर कोंडायचं नाही, त्याचं चित्रीकरण दाखवायचं.

तिसरा, दवाखाना. समुद्रात जखमी झालेली कासवं, सी-लायन पकडून बरे करायचे आणि परत सोडायचे. हे काम सी-वर्ल्ड आधीपासून करतं. आता तेच पुढे करून दाखवलं जातं, कारण लोकांना आपल्या तिकिटाचा पैसा चांगल्या कामाला लागला असं वाटायला हवं.

चौथा, नाव भाड्याने देणं. अबुधाबीच्या पार्कात भांडवल तिथल्या 'मिरल' कंपनीचं, सी-वर्ल्डचं नाव आणि जाणकारी. त्या पार्कात एकही ऑर्का नाही. कंपनीनेही 2024 मध्ये आपलं नाव बदलून 'युनायटेड पार्क्स अँड रिसॉर्ट्स' केलं. पार्कांची नावं तीच राहिली.

महाराष्ट्रात काय झालं?

आपल्याकडे समुद्री जीव दाखवण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत मरीन ड्राईव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. मुंबईला गेलेल्या शाळेच्या सहली पिढ्यान् पिढ्या तिथे गेल्या. 2015 मध्ये नूतनीकरण करून त्यात काचेचा बोगदाही बसवला. पण खाऱ्या हवेने आणि वयाने इमारत खिळखिळी झाली आणि ते बंद ठेवावं लागलं. हौद बांधणं सोपं, तो वर्षानुवर्षं राखणं अवघड, हे इथेही दिसलं.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला, त्यावरून मोठी टीका झाली. 2017 मध्ये लोकांसाठी दालन उघडलं. आत तापमान 16 ते 18 अंश ठेवावं लागतं, मुंबईच्या उन्हाळ्यात ते किती विजेचं काम आहे ते समजून घ्या. त्याच वर्षी तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झालं, आई-वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर रुपये. तरी गर्दी वाढली. पुढे तिथेच पिलंही जन्मली. एक नवं आकर्षण काय करू शकतं, त्याचं हे घरचं उदाहरण.

खरा 'सी-वर्ल्ड' आणायचा बेत मात्र सिंधुदुर्गात होता. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणी परिसरात राज्याच्या पर्यटन विकास महामंडळामार्फत हा प्रकल्प करायचं ठरलं. आधीची मागणी तेराशे-चौदाशे एकरांच्या घरात होती. घरं, आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारी जाणार म्हणून ग्रामस्थांनी जोरदार विरोध केला. नंतर सरकारने जागा साडेतीनशे एकरांवर आणायचं सांगितलं. तरीही तिढा सुटला नाही आणि पार्क उभा राहिला नाही.

इथे एक साधा प्रश्न उभा राहतो. साडेतीनशे एकरांत काम भागत असेल, तर आधी हजारावर एकर कशासाठी मागितले होते? बाकीच्या जमिनीवर काय होणार होतं? ज्या काळात हा प्रकल्प कागदावर होता, त्याच काळात केंद्राने डॉल्फिनच्या खेळांना बंदी केली, आणि अमेरिकेत मूळ सी-वर्ल्डची गर्दी घटत होती. जमीन दिली असती आणि पार्क चालला नसता, तर बाग परत मिळाली नसती.

जमीन न घेता होणारं पर्यटन

सिंधुदुर्गाने दुसरी वाटही धरली आहे. मालवणच्या समुद्रातला 29 चौरस किलोमीटरचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक पाण्याखाली डोकावून मासे आणि प्रवाळ बघतात, होडी आणि वाटाड्या बहुतेक स्थानिक. तारकर्ली-देवबागला होडीतून मोकळे डॉल्फिन दाखवतात. हौदही नाही आणि मासळीचा खर्चही नाही. अर्थात, होड्या जास्त झाल्या तर डॉल्फिन पळणार, म्हणून शिस्त लागतेच.

आता त्यात 'गुलदार'ची भर पडणार आहे. नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका 2025 मध्ये पर्यटन महामंडळाकडे आली. निवती खडकांजवळ ती समुद्रतळाशी ठेवायची, तिच्या अंगावर प्रवाळ वाढू द्यायचे, मासे येऊ द्यायचे आणि पाण्याखाली संग्रहालय करायचं, असा सुमारे 47 कोटींचा बेत आहे. इथे कोणाची बाग जात नाही. पण जाळी टाकणाऱ्यांच्या वाटा सांभाळल्या जातात का, हे तिथल्या मच्छीमारांना बघावं लागेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने तर याहून कमी पैशांत काम केलं. 2002 पासून तिथे कासवांची अंडी राखली जातात. पिलं समुद्रात जाताना बघायला दरवर्षी लोक येतात आणि गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. मुक्कामाचा पैसा थेट त्या घरात जातो.

आपल्याला याचा काय उपयोग?

तेरखेड्यात समुद्र येणार नाही. पण प्रकल्प येतात. सोलापूर-छत्रपती संभाजीनगर महामार्ग रुंद होताना या पट्ट्यातल्या लोकांनी भूसंपादन जवळून बघितलं आहे. उद्या करमणूक पार्क असो, कारखाना असो की रस्ता, तोंडवळीच्या लोकांना पडलेले प्रश्न ग्रामसभेत विचारावेत :

1. नेमकी किती जमीन प्रकल्पाला लागते आणि किती मागितली आहे? जास्तीच्या जमिनीचं काय करणार?

2. भूसंपादन कोणत्या कायद्याखाली? केंद्राच्या 2013 च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. पण काही प्रकारच्या प्रकल्पांना राज्याने यातून सूट दिलेली आहे, आणि एमआयडीसीचा कायदा वेगळा आहे. म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

3. पाणी किती लागणार आणि ते कुठून आणणार? टंचाईत आधी कोणाला मिळणार?

4. बारा महिने पगार देणाऱ्या नोकऱ्या किती आणि हंगामी किती?

5. पार्क किंवा कंपनी बंद पडली, विकली गेली, तर जमिनीचं काय?

6. पहिल्या वर्षाची गर्दी ओसरल्यावर पुढचा बेत काय? हे सांगता येत नसेल, तर धंद्याचा विचार अर्धाच झाला आहे.

आणि घरातल्या पोरांनी मत्स्यालयाचा हट्ट धरलाच, तर जाण्याआधी मोबाईलवर तीन गोष्टी बघा. ते सध्या चालू आहे का, गर्दी कमी असलेल्या वारी तिकीट स्वस्त आहे का, आणि घरचा डबा आत नेऊ देतात का. शंभरातले 45 रुपये आत जातात, हे लक्षात ठेवलं तर चौघांच्या सहलीचा अंदाज तिकिटावरून बांधायची चूक होणार नाही. तिकिटाला जेवढे लागतील, जवळजवळ तेवढेच आतल्या खर्चाला बाजूला काढून निघा.